टाकीच्या तळाशी

आमच्या घरात रिकामी बाटली टाकून देण्याची रीत नाही. बाटली रिकामी झाली, की आमची सौ. ती धुऊन, उन्हात वाळवून फळीवर मांडते आणि वर्षाच्या आत तिला काही ना काही कामाला लावते. फक्त एक बाटली अशी आहे, की जिला कोणी हात लावायचा नाही, असे मी बजावून ठेवले आहे. ती माझ्या पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशाशेजारी उभी असते. घरी आलेला पाहुणा पुस्तके चाळता चाळता ती उचलतो, वास घेतो, नाक मुरडतो आणि विचारतो, ''सर, हे कसलं टॉनिक?''

टॉनिकच ते. पण माणसाचे नव्हे, मोटारसायकलचे.

ही मोटारसायकल माझी नव्हे, अण्णांची. म्हणजे माझ्या वडिलांची. १९९६ साली त्यांनी ती नवी हिरो होंडा घेतली, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या वाड्यात पेढे वाटले गेले होते. अण्णा निफाड तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत नोकरीला होते. उसाचा रस आटवून साखर काढली, की मागे जी काळी मळी उरते, तिच्यापासून स्पिरिट करण्याचे ते खाते. संध्याकाळी दारात गाडी थांबली, की आधी मळीचा आंबूस वास घरात येई आणि त्याच्या मागोमाग अण्णा. आणि दर भाऊबीजेला ते आईला मागे बसवून दिंडोरीच्या पुढे माझ्या मामांच्या गावी घेऊन जात. आईच्या मांडीवर ओवाळणीचे ताट फडक्यात बांधलेले असे. त्या दिवशी अण्णा गाडी इतक्या सावकाश हाकत, की बैलगाडीवाल्यांनीही हेवा करावा.

२०२२ च्या श्रावणात अण्णा गेले. गाडी चौकात उभी राहिली; अर्धी छपराखाली, अर्धी उघड्यावर. पुढचे दोन पावसाळे तिने तसेच काढले. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन येई, ''दादा, ती गाडी विकून टाक ना. भंगारात तरी काही येईल.'' मी हो म्हणे आणि विषय बदली. शेवटी एक दिवस आईच म्हणाली, ''विकायची तर विका रे बाबांनो. पण एकदा मला तिच्यावर बसवून भाऊबीजेला नेऊन आण. मग काय वाटेल ते करा.''

दिवाळीला चार दिवस राहिले होते. मी गाडी ढकलत भद्रकालीतल्या चाचांकडे नेली. अण्णांची गाडी दुसऱ्या मेकॅनिकच्या हाताला कधी लागलीच नव्हती. चाचांनी बॅटरी बदलली, प्लग बदलला, ऑइल बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला. गाडी सुरू झाली. पण मध्येच अडखळे, मध्येच उसासे टाकी. चाचांनी टाकीचे झाकण काढले, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, ''सर, आत गंज आहे. झाकणाचं रबर चिरलंय, पावसाचं पाणी गेलेलं दिसतं. टाकी उतरवून धुवावी लागेल. दोन दिवस गाडी ठेवा.''

दोन दिवस! माझ्या हिशेबात दोन दिवस बसत नव्हते. घरी फराळ चालला होता, शाळेचे पेपर तपासायचे होते, एका मासिकाला कथा द्यायची होती. ''नंतर बघू,'' असे म्हणून मी गाडी तशीच घेऊन निघालो. वाटेत एका स्पेअर पार्टच्या दुकानात ती बाटली दिसली. इंधनाच्या वाटेतला सगळा मळ, सगळी काजळी धुऊन काढणार. गाडी नवी होणार. टाकी उतरवायला नको, मेकॅनिक नको. तीनशे रुपये फक्त. मी घेतली. दोन लिटर पेट्रोल भरले आणि बाटली पुरती उलटी केली. तिच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत काही लिहिले होते. ते मी वाचले नाही. ''आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा,'' असे मुलांना दरसाल सांगणारा माणूस मी. पण तो उपदेश वर्गापुरता असतो, अशी आम्हा शिक्षकांची समजूत असते.

आणि गंमत अशी, की गाडी खरोखरच सुधारली. निदान मला तसे वाटले. भाऊबीजेच्या दुपारी आईला मागे बसवून मी दिंडोरी रस्त्याला लागलो. म्हसरूळ मागे पडले, ढकांबे मागे पडले. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे होते. छाटणी होऊन गेलेली, वेलींवर कोवळी पोपटी फूट. आईचा हात माझ्या खांद्यावर होता. ती काही बोलत नव्हती. पण त्या हाताच्या वजनावरून मला कळत होते, की ती माझ्यामागे बसलेली नाही, अण्णांच्या मागे बसली आहे.

अक्राळे फाट्याच्या अलीकडे इंजिनाने पहिला आचका दिला. मी खाली वाकून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला. गाडी अर्धा मैल धड गेली, मग खोकली आणि थांबली. मी किका मारल्या, चोक ओढला, घामाघूम झालो. सूर्य मावळला. आई रस्त्याकडेच्या दगडावर ताट मांडीवर घेऊन बसली. शेवटी एका पिकअपवाल्याने दया येऊन आम्हाला गाडीसकट उचलले. मामांच्या दारात पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ऐंशीच्या घरातला तो म्हातारा सकाळपासून न जेवता, नवी टोपी घालून ओट्यावर बसून होता. आईने ओवाळले. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

माणूस स्वतःवर चिडला, की त्याला दुसरा कोणी तरी लागतो. दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाडी घालून मी चाचांच्या दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना नाही नाही ते बोललो. ''म्हाताऱ्या बाईला रस्त्यावर बसावं लागलं तुमच्यामुळे! कार्बोरेटर साफ केला म्हणता, हाच का तो?''

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. ''सर, टाकीत काही टाकलं होतं का?''

''काही नाही,'' मी म्हणालो. ''पेट्रोल टाकलं, दुसरं काय टाकणार?''

त्यांनी कॉकची नळी काढली आणि टाकीतले पेट्रोल पारदर्शक बाटलीत उतरवले. ते थोडा वेळ स्थिर होऊ दिले. मग ते मला जवळ बोलावून दाखवले. वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळा पाण्यासारखा थर आणि अगदी तळाशी तांबडा गाळ. इकडे त्यांच्या हाताखालचा पोरगा सीटच्या बाजूचे झाकण काढत होता. दोन वर्षांपूर्वीच नववीतून शाळा सोडलेला, माझाच विद्यार्थी. झाकण निघाले आणि हत्यारांच्या पिशवीमागून ती रिकामी बाटली घरंगळून त्याच्या हातात आली. त्याने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने ती परत आत सरकवून झाकण लावून टाकले.

वाचकहो, माझ्या नोकरीत मी पुष्कळ पोरांना खोटे बोलताना पकडले आहे. याच पोराला, वही घरी राहिली असे खोटे सांगितले म्हणून, मी तासभर वर्गाबाहेर उभे केले होते. आज त्याच्या हातात माझे खोटे आले होते आणि त्याने ते झाकले होते. मला कोणी कानफटीत मारली असती तरी इतके लागले नसते.

मी स्वतः झाकण काढले, बाटली चाचांच्या पुढ्यात ठेवली आणि त्याच चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ''चाचा, मी खोटं बोललो. ही अख्खी ओतली होती. चूक माझी आहे.''

चाचा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पोराला चहा सांगून ते म्हणाले, ''सर, औषध खोटं नाही. पेशंट वेगळा होता.''

मग चहा पिता पिता त्यांनी मला जे समजावले, ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात नाही. पेट्रोल बरेच दिवस पडून राहिले, की त्याचा हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर बसतो. बाटलीतल्या रसायनाचे काम साबणासारखे असते. त्याच्या कणाचे एक टोक मळाला चिकटते, दुसरे पेट्रोलात राहते. म्हणून मळ सुटतो, पेट्रोलाबरोबर वाहत जातो आणि जळून जातो. २०२० पासून निघालेल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसतो, इंजेक्टर असतो. त्याची भोके फार बारीक. रोज फिरणाऱ्या अशा गाडीला अधूनमधून, मापाने, हे औषध दिले तर ते गुण देते. परंतु गंज म्हणजे मळ नव्हे, ते खाल्लेले लोखंड आहे. तो साबणाने विरघळत नाही. माझ्या टाकीत त्या डिंकानेच गंजाचे कण जागच्या जागी धरून ठेवले होते. बाटलीने डिंक सोडवला आणि कण मोकळे झाले. शिवाय ते माप मोटारीच्या चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीचे. मी ते दोन लिटरात ओतलेले. वरच्या पेट्रोलावर गाडी सुखाने धावली. रिझर्व्ह घेताच तळचे पाणी आणि गाळ एकदम कार्बोरेटरात उतरले. केसाएवढ्या भोकाचा जेट तो. तो बुजायला कितीसा गाळ लागतो?

''आणि पाणी इतकं कसं?'' मी विचारले.

''थोडं पावसाचं. बाकी आजकालच्या पेट्रोलात स्पिरिट असतं ना सर, ते पाण्याला धरून ठेवतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.''

अण्णांनी सांगितलेच होते. मी विसरलो होतो. पेट्रोलात उसाचे स्पिरिट मिसळून पाहण्याचे प्रयोग २००१ साली देशात ज्या थोड्या ठिकाणी झाले, त्यांत आमच्या जिल्ह्यातले मनमाड होते. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिसळ सुरू झाली. २०२२ साली ती दहा टक्क्यांवर गेली आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा पल्ला गाठला गेला. मनमाडच्या प्रयोगाची बातमी वाचून अण्णा केवढे हरखले होते! ''आमच्या मळीवर आता मोटारी चालणार,'' म्हणून त्यांनी अख्ख्या वाड्याला सांगितले होते. आणि मला म्हणाले होते, ''पण लक्षात ठेव, स्पिरिट पाण्याचं सोयरं आहे, दिसलं की गळ्यात पडतं. गाडी उभी ठेवायची झाली तर टाकी काठोकाठ भर, नाही तर पार रिकामी कर. अर्धी कधी ठेवू नकोस.'' मी टाकी दोन पावसाळे अर्धीच ठेवली होती. त्यांच्या मागे त्या गाडीकडे पाहवत नव्हते, हे त्याचे खरे कारण. दुःखाला आम्ही जपणे म्हणतो. पुष्कळदा ती निव्वळ हेळसांड असते.

झटपट गुणाची ही ओढ काही माझ्या एकट्याची नाही. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरला असा शोध लागला, की पेट्रोलात शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले तर इंजिनाची ठोठो थांबते. स्पिरिटानेही ती थांबते, हे त्या काळी माहीत होते. पण त्यासाठी स्पिरिट पुष्कळ लागे आणि शिसे थेंबभर पुरे. १९२३ पासून ते पेट्रोल विकले जाऊ लागले. मिजलीला स्वतःला शिशाची बाधा झाली, कारखान्यांतले कामगार दगावले. तरी जगभर तोच धूर लोकांच्या, लेकरांच्या फुप्फुसांत जात राहिला. आपल्याकडे शिशाचे पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत बंद झाले आणि जगात सगळ्यांत शेवटी ते २०२१ साली अल्जीरियात थांबले. शंभर वर्षे लागली. बाटलीने काय दिले ते लगेच दिसते. काय घेतले ते तळाशी साचत राहते.

चाचांनी टाकी उतरवली. आत बारीक साखळी आणि औषधी पाणी घालून ती त्या पोराकडून तासभर हलवून घेतली, धुतली, उन्हात खडखडीत वाळवली. झाकणाला नवे रबर, नळीला नवी नळी, जेटला हवेचा झोत. बरोबर दोन दिवस लागले. पहिल्यांदा सांगितले होते तेवढेच. पैसे देताना मी पोराला म्हणालो, ''त्या दिवशी तू ती बाटली लपवायला नको होतीस.''

तो खाली मान घालून म्हणाला, ''सर, सगळ्यांसमोर बरं नसतं दिसलं.''

वर्गाबाहेर उभे करताना मला हे सुचले नव्हते. पुढच्या जूनपासून तो रात्रशाळेत येतो आहे. ते माझ्यामुळे नव्हे; चाचांनी दुकान संध्याकाळी सहाला त्याच्यापुरते बंद केले म्हणून.

गाडी विकलेली नाही. भाऊही आता तो विषय काढत नाही. दर रविवारी सकाळी आई विचारते, ''गाडी फिरवून आणलीस का रे?'' मी निघालो, की तीही पदर खोचून तयार असते. मखमलाबाद नाक्यापर्यंत जाऊन आम्ही परत येतो. टाकी भरलेली असते. यंदाच्या भाऊबीजेला मामांना निरोप धाडला आहे, की जेवून घ्या. आम्ही उन्हे उतरायच्या आत पोचतो.