जसदेव सिंगांचा आवाज

अकोल्यातल्या आमच्या मोहल्ल्यात आंतरराष्ट्रीय हॉकी पाहिलेली कोणी नव्हती, ऐकलेली मात्र सगळ्यांनी. 15 मार्च 1975. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. आकाशवाणीवर जसदेव सिंग बोलत होते. चेंडू पळे त्याच वेगाने त्यांची जीभ पळे. भाषा उर्दूच्या वळणाची, म्हणून शाळेची पायरी न चढलेल्या दादीलाही सारे समजे. मनातले लपवणे त्यांना जमतच नसे. खंत, आनंद, सगळे आवाजात. सिनेमापेक्षा त्यात करमणूक जास्त होती.

उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध 1-2 ने मागे असताना भोपाळच्या अस्लम शेर खानने गळ्यातल्या तावीजचे चुंबन घेऊन बरोबरीचा गोल केला होता. ही गोष्ट अब्बा रंगवून सांगत. अंतिम सामना अशोक कुमारच्या गोलने भारताने 2-1 असा जिंकला.

अशा दिवशी काही नजरा आमच्या मोहल्ल्याकडे वळत: तुम्ही कोणाच्या बाजूचे? जसदेव सिंगांच्या आवाजात हा प्रश्न कधीच नव्हता. ज्या जबानीत आम्ही घरात हसतो-भांडतो, तिच्यातच ते भारताचा विजय सांगत. आम्हाला वेगळी ग्वाही द्यावी लागत नसे.

2018 मध्ये ते गेले. आता अमरावतीचा माझा नातू मोबाईलवर हॉकी पाहतो, तीही आवाज बंद करून. त्याला कसे सांगावे, आमचा सगळा खेळ आवाजातच होता!