तीन दिवे आणि एक गुंई

मराठी विभागासाठी लेख लिहितोय म्हटल्यावर रूममेट हसलाच. मी पडलो कॉन्व्हेंटवाला, 'अडुसष्ट' म्हणजे किती हे अजून मनात इंग्लिशमध्ये मोजतो! चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या घरी २००९ ची ओम्नी आहे. मारुतीने ही व्हॅन १९८४ साली आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. मधल्या पस्तीस वर्षांत शाळेची पोरं, भाजीपाला, वऱ्हाड, पेशंट, काय काय वाहिलं तिने. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. मे महिन्यात परभणीत त्या सीटवर बसून बघा एकदा! पप्पा तिच्यात कपड्यांचे गठ्ठे घालून जिंतूर, सेलू, मानवतचे बाजार करतात. माझी फी आणि मेस त्यातूनच. आणि शाळेत असताना मी मात्र त्यांना गेटच्या अलीकडच्या वळणावरच सोडायला सांगायचो. का, ते पप्पांनी कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गाडी चालता चालता बंद पडायला लागली. बंद पडली की बॅटरी, ऑइल, चेक इंजिन असे तिन्ही दिवे लागलेले. वीसेक मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू! सुट्टीत घरी गेलो तर पप्पांनी मलाच विचारलं. घरचा इंजिनिअर ना! मी बॅटरीचा दिवा बघितला आणि छातीठोकपणे सांगितलं, "अल्टरनेटर गेलाय पप्पा. बॅटरी पण बदलून टाका." खर्च पाच हजार तीनशे रुपये. चौथ्या दिवशी बोरीजवळ गाडी पुन्हा बंद, बाजार बुडाला. रात्री जेवताना पप्पा हळूच म्हणाले, "भंगारात देऊन टाकू आता." माझ्या घशाखाली घास उतरेना.

त्या शनिवारी आज्जीला पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला नेत होतो. अर्ध्या रस्त्यात गाडी थांबली. मी चावी फिरवतोय, स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. मागून आज्जी म्हणाली, "बाबू, रोज चावी फिरवली की खालून गुंई करतंय बग. आज न्हाई केलं."

मी चावी बंद करून पुन्हा ऑन केली. खरंच, आवाज नाही!

टाकीत पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप असतो. चावी ऑन केली की तो दोन-तीन सेकंद फिरून लाइनमध्ये प्रेशर तयार करतो, तीच आज्जीची गुंई. आणि दिवे? इंजिन थांबलं की अल्टरनेटर थांबतो, ऑइल पंप थांबतो, चावी तर ऑनच असते. मग ते लागणारच! म्हणजे दिव्यांमुळे गाडी बंद पडत नव्हती, गाडी बंद पडल्यामुळे दिवे लागत होते. अल्टरनेटर खरंच गेला असता तर बॅटरीचा दिवा गाडी चालू असतानाच लागला असता, आणि वीस मिनिटं थांबून काही उपयोग झाला नसता. व्हायवात विचारलं असतं तर हे मी धडाधड सांगितलं असतं. आणि पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सर या साध्या गाडीत नाहीच, त्यामुळे खऱ्या दुखण्याचा दिवा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी लॅबसाठी घेतलेला मल्टिमीटर काढला. अंगणात गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवली (शेजारचे वैतागले). बंद पडताच मोजलं. बॅटरीवर बारा व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम सात. कनेक्टर उघडला तर एक पिन काळी पडून सैल झालेली. सैल म्हणून गरम, गरम म्हणून आणखी सैल. थंड झाली की पुन्हा बरी. नवा कनेक्टर वायरसकट दीडशे रुपयांत आला.

जुलैत पप्पा मला सोडायला त्याच गाडीने आले. हॉस्टेलच्या गेटच्या थोडं अलीकडे त्यांनी सवयीने ब्रेक मारला. मी म्हटलं, "आत घ्या ना, सामान जड आहे." सामान म्हणजे एक बॅग आणि लाडूचा डबा.

गाडी अजून बाजार करते. फोनवर आज्जी आधी माझी तब्येत विचारते, मग गुंईची. त्या पाच हजार तीनशेंचा विषय पप्पांनी अजून काढलेला नाही. मी पण नाही.