वाऱ्याच्या हिशेबाने भरलेली पिशवी

भोर-वेल्ह्याला जुलैत निघणारा माणूस पिशवी भरतो ती पावसाच्या हिशेबाने. माझ्या मते ती वाऱ्याच्या हिशेबाने भरावी. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला धडकतो आणि मढे घाट, वरंध घाट अशा खिंडींतून जोराने वर येतो. तिथे पाऊस आडवा येतो, त्यामुळे छत्री निकामी ठरते, कड्यावर तर धोक्याचीच. भातलावणी करणारा शेतकरी पाठीवर इरलं घेत आला, कारण ते अंगालगत बसतं आणि दोन्ही हात मोकळे ठेवतं. प्रवाशाने हीच कसोटी लावावी: टोपीचा, अंगाबरोबर बसणारा रेनकोट.

कुणी म्हणेल, पावसाळ्यात इथे थंडी कुठली, स्वेटर कशाला? पण थंडी केवळ तापमानाची नसते. तोरणा १४०३ मीटर उंच. पायथ्याच्या वेल्ह्यापेक्षा माथ्यावर चार-एक अंश कमीच असतात. भिजलेला सुती कपडा वाऱ्यात अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, आणि जीन्स तर तासन्‌तास वाळत नाही. ओझं वाढतं हा आक्षेप खरा आहे. म्हणून छत्री आणि जीन्स वगळा, लोकरीचा एक पातळ स्वेटर घ्या. हिवाळ्यात रायरेश्वरच्या पठारावर मुक्काम असेल तर कानटोपीही हवी. उन्हाळ्यात मात्र पाणी आधी, बाकी सगळं नंतर.

कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, आणि वारा अंग ढकलू लागला तर कड्यापासून मागे या.