कस्तुरीचे दात

७ जून
कस्तुरी घरी आली. काळी लॅब्राडॉर, नऊ आठवड्यांची, पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ च्या श्वानपैदास नियमांत दंडक आहे, आणि तो पाळणाऱ्याकडूनच पिल्लू आणायचं हे आमचं आधीच ठरलं होतं. भावंडांत काढलेले ते आठवडे फार मोलाचे. खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ मोडून निघून जातं. दाताला किती जोर लावायचा, हे तिथेच उमगायला लागतं.

हॉलच्या कोपऱ्यात, जिथून स्वयंपाकघर दिसतं, तिथे क्रेट मांडलाय. मुद्दाम तारांचा घेतला, प्लॅस्टिकचे बंदिस्त क्रेट आपल्या हवेत उकडतात. लांबी ४२ इंच, म्हणजे मोठी झाल्यावरही तिला उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल. सध्या मधली जाळी लावून पुढची थोडीच जागा मोकळी ठेवली आहे. पिल्लू झोपायची जागा शक्यतो ओली करत नाही, पण ऐसपैस जागा मिळाली की एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं.

आईंना हे अजिबात पटलेलं नाही. "आईपासून तोडून आणलेलं लेकरू, त्याला जाळीत कोंडायचं?" मी म्हटलं, "आई, दार आपण इतक्यात लावणारच नाही आहोत."

१० जून
दार खरंच उघडं आहे. जेवणाचं भांडं आत. येता-जाता कुणीही आत एखादा खाऊचा दाणा टाकून ठेवतं, तिचा तिला सापडतो. आज दुपारी ती आपल्या पायांनी आत गेली आणि झोपली. मावशी फरशी पुसत होत्या, त्यांनी मला खुणेने बोलावून दाखवलं.

रात्री क्रेट ओढून आमच्या पलंगाशी आणतो. ती कुणकुणली की जाळीतून बोटं सरकवायची, तेवढ्याने पुष्कळदा भागतं. नाही भागलं तर शू लागली आहे असं धरायचं आणि तिला उचलून खाली न्यायचं. दिवे नाहीत, लाड नाहीत, खेळ नाही. शू झाली की परत झोप.

१४ जून
जेवताना दार लावलं, आणि भांडं रिकामं व्हायच्या आत उघडलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. तिने उघडायला सांगण्याआधी दार उघडलं पाहिजे. मग हळूहळू जेवण संपल्यावर दोन मिनिटं, पाच मिनिटं, मी समोर बसलेली असताना, मग मी दुसऱ्या खोलीत असताना. आत जाताना गळ्यातला पट्टा काढायचाच. तारेत अडकून गळफास बसू शकतो.

लेकाला एकच नियम दिला आहे. कस्तुरी आत असताना तिला कुणी हात लावायचा नाही, आणि रागावून तिला कुणी आत पाठवायचं नाही.

२३ जून
किती वेळ बंद ठेवायचं, यावरून आज वाद झाला. शिकवायला येणारे गृहस्थ म्हणाले, ऑफिसची वेळभर ठेवा, सवय होते. मला ते मान्य नाही. ढोबळ हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला तर तेवढे तास ते जेमतेम शू रोखू शकतं. पण रोखता येतं म्हणून तितका वेळ रोखायला लावायचं का? स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर प्रवास, आजारपण असे अपवाद सोडले तर कुत्र्याला घरात क्रेटमध्ये बंद ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. तिथली कुत्रीही पिल्लंच असतात, कुरतडतात, आणि तरी शहाणी होतात. हे मी मनात पक्कं धरून ठेवलंय. लक्ष ठेवायला कुणीच नाही, अशा थोड्या वेळापुरताच क्रेट. आणि त्याची गरज महिन्या-महिन्याने कमी होत गेली नाही, तर आपलं काहीतरी अडतंय.

ठरलं ते असं: दुपारी मावशी येऊन तिला बाहेर काढतील, आणि आईंची झोप होईपर्यंतच दार बंद राहील.

५ जुलै
टीव्हीचा रिमोट गेला. आम्ही दारातून आत आलो तर कस्तुरी कान पाडून, डोळे चुकवून भिंतीला चिकटलेली. "बघ, चूक कळते तिला," आई म्हणाल्या. सगळ्यांना असंच वाटतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांना मना केलेला खाऊ खाऊ दिला, काहींना नाही, आणि मालकांना मात्र कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. म्हणजे ती मान खाली जाते आपल्या आवाजामुळे, तुटलेल्या रिमोटमुळे नव्हे. मागाहून ओरडलं तर कुत्रा एवढंच शिकतो, की ही माणसं घरी आली की घाबरायचं असतं.

तोंडातली वस्तू हिसकावायची नाही, मागे धावायचं नाही. धावलं की एकतर खेळ होतो नाहीतर ती वस्तू घाईने गिळली जाते. "दे" म्हणायचं, नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा, तिने सोडलं की चिकन तिचं. धोका नसेल तर वस्तूही परत करायची. लेकाला हे सगळ्यांत छान जमतं.

१९ जुलै
देवघरातल्या पाटाचा कोपरा कुरतडला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "कॅल्शियम कमी पडतंय, सिरप सुरू करा." लाकूड नाहीतर भिंत कुरतडली की कॅल्शियम, हे आपल्याकडे इतकं रुजलंय की दुकानदारही न मागता बाटली काढून देतात. डॉक्टरांनी आज स्पष्ट नकार दिला. लहान वयात आतडं जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांचा आहार समतोल असताना वर सिरप दिलं, तर हाडांची वाढच बिघडू शकते, आणि ते बिघडलेलं पुढे निस्तरत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं तिला चालू आहे, तेवढं पुरे. जिने उतरवायचे नाहीत, उड्या मारू द्यायच्या नाहीत. ती पाट कुरतडते कारण लॅब्राडॉरचं सगळं घराणंच तोंडाने काम करणारं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली वावरलेली आणि पुढे इंग्लंडात शिकारीचे पक्षी उचलून आणणारी ही जात. तोंड रिकामं ठेवा असं तिला कसं सांगायचं?

पाट वर उचलला. चपला कपाटात. जुनी कोल्हापुरी तिला चघळायला द्यायची आईंची सूचना नाकारली; जुनी चप्पल कुठली आणि नवी कुठली, हे चामड्याच्या वासावरून तिला कळणार नाही.

९ ऑगस्ट
केर काढताना मावशींना दात सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, समोरचा. चार महिने झाले, वेळेवर आहे. दुधाचे २८ पडतील, कायमचे ४२ येतील, सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालणार. हिरड्या लालबुंद आहेत. ओला सुती पंचा पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवते आणि माझ्या हातात धरूनच तिला चावू देते. थंड गाजरही आवडतं. क्रेटमधली गोधडी मात्र काढून टाकली, ती धागे गिळायला लागली होती.

१७ ऑगस्ट
सोसायटीतल्या एका कुत्र्याच्या पोटातून मक्याच्या कणसाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढला. पावसाळ्यात रस्तोरस्ती भाजलेली कणसं, आणि बुरखुंडं फुटपाथवर. जूनमध्ये आंब्याच्या कोयींचं हेच भय होतं. बुरखुंड पचत नाही, एक्स-रेवर चटकन दिसतही नाही, आणि आतड्यात अडकतं. लॅब्राडॉर तर आधीच खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला जनुकातल्या एका बदलामुळे जास्तच खा-खा होते. आज गेटवर सूचना लिहून लावली आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण आणलं. सारखी उलटी, खाणं बंद, पोट ताठ, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

२८ ऑगस्ट
गणपती. घरभर माणसं. आरती सुरू व्हायच्या आधी कस्तुरी मागच्या खोलीत, क्रेटमध्ये, दहीभात भरून गोठवलेलं काँग घेऊन. या रबरी खेळण्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड, फ्रिट्झ, दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करताना मार्कहॅमनी त्याच्याकडे रबरी भाग टाकून पाहिले, आणि त्यातला एक त्याला दगडाहून प्रिय झाला. म्हणजे त्याचं चावणं कुणी थांबवलं नाही, चावायला दगडाऐवजी काहीतरी बरं दिलं. नखाने दाबून ज्यावर वळ उठत नाही अशी वस्तू तिच्या दाताला द्यायची नाही, हा माझा नियम आहे. खूर, शिंगं त्यात बसत नाहीत. चामड्याच्या दाबलेल्या कांड्याही नाहीत, त्या फुगून घशात अडकतात.

प्रसादातल्या मनुका कपाटात बंद. त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतात.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. खिडक्या बंद, पंखा मोठा, क्रेटवर तिन्ही बाजूंनी जाड चादर, दार सताड उघडं. पहिल्या माळेला ती स्वतःहून आत गेली. दार लावलं नाही. घाबरलेल्या कुत्र्याला कोंडलं तर तो तारा चावून दात मोडून घेतो, नखं फाडून घेतो. एकटेपणाच्या धसक्यानेही तसंच होतं, आणि तिथे क्रेट हा इलाज नव्हेच. मी शेजारी जमिनीवर बसले. थरथरत होती तोवर पाठीवर हात ठेवला. आईंनी चादर सारखी केली आणि स्वतः तिला भात भरवला.

१६ नोव्हेंबर
दात सगळे आले. मधली जाळी कधीच काढली आहे. आता आई झोपतात तेव्हा क्रेटचं दार लावत नाही, स्वयंपाकघराच्या दाराला आडवं फाटक तेवढं आहे. सोफ्याला तिने आठवडाभर तोंड लावलेलं नाही. तरी चावणं संपलं असं मी म्हणणार नाही. वयात येताना, वर्ष-दीड वर्षापर्यंत, ते पुन्हा उसळतं, आणि बरेच जण तिथेच धीर सोडून कुत्रा देऊन टाकतात.

धाकट्या भावाचा फोन आला, ग्रेट डेनचं पिल्लू बघितलंय म्हणे. त्याला ४२ इंची क्रेट पुरणार नाही, ५४ लागेल. आधी पिल्लाची आई बघ, वय विचार आणि दुपारी घरी कोण असणार ते ठरव, एवढं सांगितलं. रविवारी तो इथे येतोय.