नुसती सोबत

बोलपटातल्या संगीताशी माझे एक जुने भांडण आहे. ते फार बोलते! नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच व्हायोलिने रडायला लागतात. खलनायकाने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच ढोल त्याची वर्दी देतात. आपण केव्हा भ्यावे आणि केव्हा गहिवरावे, हे सारे वाद्यवृंदाने परस्पर ठरवून टाकलेले. लग्नघरात आग्रह करकरून वाढणाऱ्या यजमानासारखा हा प्रकार आहे. पोट भरते, पण जेवल्याचे सुख मिळत नाही.

म्हणूनच एका फ्रेंच चित्रपटाची तबकडी मला इतकी जवळची वाटते. चित्रपटाचे नाव 'आसांसर पूर लेशाफो', म्हणजे 'वधस्तंभाकडे नेणारी लिफ्ट'. १९५८ साली तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक लुई माल आणि संगीत अमेरिकेचा विख्यात ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याचे. संगीत सारे जॅझ.

जॅझ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नाच आणि धमाल उभी राहते. त्यात नवल नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेटचा बँड पडद्यावर झळकला, तो नाचाच्या जल्लोषातच. पण हेच ट्रंपेट रात्री एकट्याने, हलक्या आवाजात वाजू लागले की काय होते, ते या तबकडीवर ऐकावे.

कथा साधी आणि भयंकर आहे. झ्यूलियां आपल्या मालकाचा खून करतो. मालकाची बायको फ्लोरेन्स ही त्याची प्रेयसी, आणि कट दोघांचा. खून बिनबोभाट होतो. पण बाहेरून चढताना वापरलेला दोर तसाच लोंबकळत राहिलेला त्याला खालून दिसतो. तो काढायला परत जातो, आणि नेमका त्याच वेळी पहारेकरी इमारतीची वीज बंद करून निघून जातो. लिफ्ट मध्येच अडकते. इकडे फ्लोरेन्स वाट पाहते आहे. त्याची मोटार दुसऱ्याच कोणी पळवली आहे, आणि तीत एक परकी मुलगी बसलेली तिला दिसते. प्रियकराने दगा दिला की त्याचे काही बरेवाईट झाले? रात्रभर ती पॅरिसच्या रस्त्यांवरून त्याला शोधत हिंडते.

हे हिंडणे झान मोरोने केले आहे. छायालेखक आंरी दकाए याने कॅमेरा चक्क बाबागाडीत ठेवून, दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात तिला टिपले. चेहरा थकलेला, ओठ स्वतःशीच पुटपुटणारे. आणि तिच्याबरोबर ते ट्रंपेट.

हे संगीत जन्माला आले तेही एका रात्रीत. ४ डिसेंबर १९५७ ची ती रात्र. डेव्हिस कार्यक्रमांसाठी पॅरिसला आला होता, वय ३१. माल तर अवघा २५ वर्षांचा! सोबतीला बार्नी विलेन सॅक्सोफोनवर, रने उर्त्रेझे पियानोवर, पिएर मिशलो बासवर, ही तिघे फ्रेंच मंडळी. आणि ड्रमवर पॅरिसलाच स्थायिक झालेला अमेरिकन केनी क्लार्क. डेव्हिसने हॉटेलच्या खोलीत स्वरसंगतींचे दोनचार आराखडे जुळवून ठेवले होते, बस्स. लिहिलेली चाल नाही. स्टुडिओत पडद्यावर चित्रपटाचे तुकडे पुन्हापुन्हा दाखवले जात होते, आणि त्यांकडे पाहत हे पाचजण वाजवत होते. आपल्याकडे गवई रागाची चौकट घेऊन बसतो आणि पुढची वाट गाता गाता सापडते, तसेच काहीसे.

तुकडे दहा, आणि सारे मिळून अर्धा तासही भरत नाही. पहारेकऱ्याच्या फेरीच्या वेळी तर फक्त बास आणि ड्रम वाजतात; अंधारात पावले वाजावीत तसे. फ्लोरेन्सच्या भटकंतीत ट्रंपेट एक स्वर लावते, थांबते, पुन्हा एखादा लावते. ते तिची कीव करत नाही. तिने पाप केले आहे याची आठवणही देत नाही. ती चालते, म्हणून तेही चालते.

असे नुसते बरोबर चालण्याची किंमत मला कळली ती एका इस्पितळात. दादाला तिथे ठेवले होते, आणि डॉक्टरांनी रात्र काढा म्हणून सांगितले होते. संध्याकाळपासून माणसे येत होती. 'देवावर भरवसा ठेवा,' 'होईल सारे ठीक,' असे म्हणून जात होती. सगळ्यांच्या मनात मायाच होती. अकराच्या सुमारास आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर आले. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. तेही घालू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पहाटे पाचपर्यंत. मध्ये दोनदा चहा आणला. बोलले काहीच नाहीत. पहाटे दादा गेला, तेव्हाही त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढेच.

आम्ही कथा-कादंबऱ्या लिहिणारे शब्दांवर जगतो. दुःख दिसले की त्याला विशेषण शोधायला आमची लेखणी सरसावते. पण दुःखाला पुष्कळदा अर्थ नको असतो, सोबत हवी असते. आणि ती देणारा माणूस आपला स्वर फार उंच लावत नाही.

ही तबकडी ऐकायला चित्रपट पाहिलेला असावा लागत नाही. त्यातली फ्लोरेन्स दिसत नाही, पॅरिस दिसत नाही. ट्रंपेट मात्र चालत असते, आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी असते. ज्याने त्याने आपले माणूस तिथे आणावे.

फराळाच्या आणि फटाक्यांच्या दिवसांत असली तबकडी कोणी लावत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भरल्या घरातही दिवाळीच्या पंगतीत एखादे पान कमी मांडलेले असते. त्याविषयी कोणी काही बोलत नाही, आणि बोलूही नये. वाढून झाल्यावर कोणीतरी त्या बाजूला जरा सरकून बसावे, एवढे पुरे.