वरची बाजू वरच

सिडनीत ऑक्टोबरची ऊब जाणवू लागली आणि आमची पिवळी अचानक खाईना. पिवळी म्हणजे आमची बिअर्डेड ड्रॅगन, मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातली सरड्याची जात. दिवसभर ती पेटीचा कोपरा उकरत होती. ओलसर वाळूचा खोल डबा ठेवला, तेव्हा बोगदा खणून तिनं वीसेक अंडी घातली, वरून वाळू नीट थापली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. पिल्लांची काळजी घेणं या आईच्या स्वभावात नाही. ती मात्र खंगली होती. कॅल्शियमची पूड लावलेले नाकतोडे खाऊ घालून तिला सावरलं.

अंडी मऊ, चामड्यासारखी. उचलण्याआधी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं खूण केली आणि तीच बाजू वर ठेवून त्यांना ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात, अर्धवट रुतवलं. आईनं पुण्याहून फोनवर विचारलं, "अगं, कोंबडी तर सारखी अंडी फिरवते, तू का नाही?" इथं उलटं आहे. गर्भ लवकरच कवचाला आतून चिकटतो, मग अंडं उलटलं तर तो दगावू शकतो.

इनक्युबेटर २९ अंशांवर ठेवला. तापमान ३२च्या वर गेलं तर जनुकांनी नर असलेल्या गर्भांतूनही माद्या जन्मतात. अशा माद्या रानातही सापडल्याचं संशोधक क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये मांडलं. उन्हाळे तापत चाललेल्या देशात या जातीचं पुढं काय होईल, हा विचार मला थर्मोस्टॅट बघताना दर वेळी अस्वस्थ करतो.

महिन्याभरात अंडी फुगली. अंधारात टॉर्च धरला की गुलाबी शिरा दिसत. दोनेक महिन्यांनी ती चेपली, त्यांवर घामासारखे थेंब आले आणि एकाला चीर पडली. इवलंसं डोकं बाहेर काढून पिल्लू तसंच थांबलं. कवच सोलून द्यायला हात शिवशिवतात, पण आतला बलक त्याच्या पोटात जिरायचा असतो. ते दुसऱ्या दिवशी आपणहून निघालं, बोटापेक्षा थोडं लांब.

भावंडं एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून लहान-मोठी वेगळी केली. इथं न्यू साउथ वेल्समध्ये सरडा पाळायला परवाना लागतो. पिल्लू मागायला येणाऱ्याचा परवाना मी आधी बघते, आणि यूव्हीबी दिवा घरी लावून झाला असेल तरच पिल्लू देते.