चष्म्याचा काय दोष?

शाळेत ज्याला पोरं छळतात त्याच्यात काहीतरी 'वेगळं' असणार, असं आपण धरूनच चालतो. चष्मा, जाडेपणा, असलं काहीतरी. मी स्वतः चौथीपासून 'ढापण्या', म्हणजे अनुभव दांडगा :-) आमच्या बाईंनी तर मला त्रास नको म्हणून माझीच जागा बदलली. चष्मेवाल्याला शेवटचा बाक!

डॅन ओल्व्हेउस (1931-2020) हा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ नेमका या 'वेगळं'पाशी अडला. 1970 च्या दशकात त्याने स्वीडनमधली शाळकरी मुलं तपासली. चष्मा, जाडेपणा, लाल केस, वेगळी बोली, यातलं काही ना काही तर कुणी न छळलेल्या मुलांतही सापडलं. म्हणजे चष्मा हे कारण नव्हेच, फार तर निमित्त. पोरं हेरतात ते उलट उत्तर न देणारा गडी. नाव ठेवायला मग काहीही पुरतं (हे शेवटचं माझं मत).

दादागिरी करणारा आतून घाबरट असतो, ही आपली लाडकी समजूतही त्याच्या आकड्यांपुढे टिकली नाही. बिचारे नव्हतेच ते!

1982 साली नॉर्वेत 10 ते 14 वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केली, बहुधा अशाच छळापायी. तेव्हा कुठे सरकार हललं. 1983 पासून बर्गेनमधल्या 42 शाळांत, सुमारे 2500 मुलांमध्ये ओल्व्हेउसने काम केलं. वर्गात ठरवलेले साधे नियम, मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्यांची नजर, छळणाऱ्याच्याही आईबापांशी बोलणं, बस्स. दोन वर्षांत छळ जवळपास निम्म्यावर आला. आणि त्यासाठी कुणाचाही बाक बदलावा लागला नाही.